दोन उपचार आणि वजूचे पाणी

आमच्या घरात आजाराची चाहूल आवाजाने लागली; नेमके सांगायचे तर आवाज थांबल्याने. धामणगाव बढ्याच्या बाजाररस्त्यावर आमचे गादी-रजईचे दुकान आहे आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. पुढे कापूस पिंजायचे यंत्र चालते. त्याची घरघर मी इतकी वर्षे ऐकत आले आहे की ती चालू असताना मला ऐकूच येत नाही. त्या हिवाळ्यात मात्र ती मधेच थांबू लागली. मग मागच्या अंगणाकडे जाणारी पावले, मोरीच्या दाराची कडी, बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा परतणारी पावले. यंत्र सुरू होई, आणि रुईची एक गादी पुरती भरत नाही तोच परत थांबे.

मी शाळेत मराठी शिकवत असे. वृत्ते शिकवताना मुलांना यती समजावून सांगायचे: चरणाच्या मध्ये घेतलेला तो क्षणभराचा विसावा. यती योग्य जागी आला तर ओळ तोलून धरतो; भलत्या जागी आला तर शब्दच चिरला जातो. माझे पती यूसुफ, गावासाठी यूसुफभाई गादीवाले, यांच्या दिवसात आता भलत्याच जागी यती येऊ लागले होते.

"काय होतंय?" मी विचारले.

"काई नाई. पानी लय पिऊन राह्यलो आजकाल," ते म्हणाले, आणि माठावरचा पेला उचलून खरोखरच पाणी प्यायले, जणू पुरावा म्हणून.

* * *

बुलढाण्याला रक्त तपासले. तिथून, सुईने तुकडे काढून तपासण्यासाठी, आम्हाला अकोल्याला पाठवले. निकालाच्या दिवशी अकोल्याच्या डॉक्टरांच्या खोलीत स्पिरिटचा वास होता, आणि त्याच्या तळाशी कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या फोडणीचा. भीतीच्या क्षणी नाक इतके तल्लख का होते, मला ठाऊक नाही. आजही लसूण तडतडला की मला ती खोली आठवते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर अक्रोडाएवढे एक वर्तुळ काढले. "ही प्रोस्टेट ग्रंथी. यात कर्करोग आहे. पण तो ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, ही चांगली गोष्ट."

"चांगली" हा शब्द मी मनात घट्ट धरून ठेवला. पुढची दोन-चार वाक्ये ऐकू आली नाहीत.

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकायची. एकदाच काय ते होते, पण नंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त काळ. किंवा किरणोपचार, रविवार सोडून रोज, कित्येक आठवडे, सोबत संप्रेरकांची इंजेक्शने, त्यात जळजळ होते, घाई होते, थकवा येतो. नुसते लक्ष ठेवून थांबावे, असा यांचा आजार नव्हता. पतिपत्नीच्या जवळिकीवर दोन्ही उपचारांचा परिणाम होऊ शकतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. यूसुफ तेव्हा छताच्या पंख्याकडे पाहत होते. मी माझ्या बुरख्याच्या बाहीचा सुटलेला टाका पाहत होते. आमच्या दोघांच्या ओठांवर ज्या बोली आहेत, त्यांत या विषयासाठी एक तर शिव्या आहेत, नाही तर मौन.

"दोन्ही रस्ते साधारण एकाच मुक्कामाला पोचतात," डॉक्टर म्हणाले. "वाटेतला त्रास वेगळा आहे. निवड तुमची."

"साहेब," यूसुफ पंख्यावरची नजर खाली आणून म्हणाले, "तुमच्या वालिदले झालं असतं तर तुमी काय केलं असतं?"

डॉक्टर हसले नाहीत. "माझ्या वडिलांना काय सोसवेल ते मला माहीत आहे, काका. तुम्हाला काय सोसवेल ते तुम्हालाच माहीत."

मलकापूरपर्यंत रेल्वे, पुढे जीप. जीपमध्ये आमच्या गुडघ्यांना कोंबड्यांची पाटी लागली होती आणि तिच्यातून उबट, पिसांचा वास येत होता. यूसुफ माझ्या कानाशी म्हणाले, "डागदर आपल्यालेच इचारून राह्यला, नसीम. म्हनजे त्याच्या हातात काई उरलं नाई."

हा समज केवळ त्यांचा नव्हता. आमच्याकडे डॉक्टर सांगतो आणि आपण मान डोलावतो. सुई टोचून घेतो, गोळी गिळतो. ज्याला विचारले जाते, त्याचा इलाज संपला असे आम्ही धरून चालतो. मलाही त्या जीपमध्ये तसेच वाटले होते. आज कुणाला डॉक्टर "निवडा" म्हणाले, तर त्यांना सांगावेसे वाटते की तो निरोपाचा शब्द नव्हे.

* * *

बातमी दाबून ठेवली तरी भिंतीपलीकडे गेलीच. शेजारच्या विमलबाई भाजीचा मळा करतात. त्यांनी भिंतीवरून मेथीची जुडी पुढे केली आणि माझा चेहरा पाहून हात तसाच ठेवला.

"भाभी, काऊन अशा दिसून राह्यल्या? जेवल्या का नाई सकायपासून?"

मी सांगितले.

"वो माय!" त्या म्हणाल्या. मेथीची पाने नकळत खुडू लागल्या. "अन् काढून टाकता येते म्हन्ते ना डागदर? मंग इचार कायचा? बोंडअयी लागलेलं बोंड ठेवते का कोनी झाडाले? भाऊले सांगा, म्हना विमल म्हन्ते, तोडा अन् फेका."

चिखलीला दिलेली आमची मुलगी शबाना दुसऱ्याच दिवशी आली. तिने मोबाइलवर सगळे वाचून काढले होते. तिचेही मत विमलबाईंचेच, फक्त शब्द शहरी.

"अब्बा, ऑपरेशन. एकदाच काय ते होऊन जाईल."

"तुह्या सासरी चालव हुकूम. इथं माहं राज्य हाय."

"राज्य! उशा भरता अन् बादशहा समजता स्वतःला."

एरवी या चढाओढीवर घर हसले असते. यूसुफ हसले नाहीत. हातातली उशी त्यांनी खाली ठेवली. "दोन्ही नको मले. ना कापणं, ना किरणं. जितकी लिवली हाय तितकी काढीन."

शबाना अंगणातल्या नळापाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला, म्हणजे रडणे ऐकू जाऊ नये. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती माझ्यावरच उसळली. "अम्मी, तुम्ही जगाला कविता समजावता. त्यांना एक साधी गोष्ट समजावता येत नाही? घाबरलेत ते चाकूला, दुसरं काय!"

मलाही तेच वाटत होते. चाकूचे भय मला समजत होते आणि म्हणून मी त्याच भयाशी बोलत राहिले: भूल देतात, दुखत नाही, अमक्याचे झाले, तमक्याचे झाले. ते ऐकून घेत. डॉक्टरांनी सांगितले होते की काही आठवडे विचार करा, पण त्याहून लांबवू नका. ते आठवडे आमच्या घरातून मुकाट चालले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एक जिवंत माणूस काही न करण्याची निवड करत होता.

* * *

रजई शिवायला दोन माणसे लागतात. रुई पसरून वर कापड ताणायचे, एकाने या कडेला बसायचे, दुसऱ्याने त्या, आणि मधल्या दिशेने टाके घालत यायचे. मदतनीस गावाला गेला होता, म्हणून दुपारी मी बसले. या कामात माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत. नजर सुईवर. रजईभर अंतर मध्ये असते आणि ते हळूहळू कमी होत जाते.

ताज्या रुईला उन्हात वाळलेल्या कपड्याचा वास येतो. त्या वासात, मान खाली घालून, ते बोलले.

"गळते म्हन्ते. थेंब थेंब."

मी टाका घातला.

"कपड्याले लागलं की नमाज कशी व्हईन? वजू टिकनारच नाई; नमाजच्या आंधी हातपाय धुतले काय अन् न धुतले काय. पाच वख्त उभं राहाचं अन् पाच वख्त नापाक. मिसरूड फुटलं तवापासून मशिदीत पहिल्या ओयीत उभा राह्यलो मी. आता काय चपलांजवय उभा राहू?"

"मग किरणांचे घ्यावे," मी म्हणाले. आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "त्यात तसे गळत नाही, म्हणाले ना डॉक्टर."

"त्यात अंगावर शाईनं रेघा मारतात. तिथं दवाखान्यात एक माणूस भेटला होता, त्यानं दाखवल्या मले. कमरेले, पोटाले. धुवायच्या नाई म्हन्ते, पुसायच्या नाई. शाईखाली पानी पोचलं नाई तर आंघोळ कशी पाक व्हईन?" सुई थांबली. "इकून गळते, तिकून पानी लागत नाई. नापाक होऊन जगण्यापरीस पाक मरलेलं बरं."

आमच्यामधले अंतर हातभर उरले होते. इतके दिवस मी चाकूशी भांडत होते, आणि हा माणूस पाण्याच्या एका थेंबासाठी जीव द्यायला निघाला होता. हसावे असे त्यात काही नव्हते. श्रद्धा कुणाच्या कुठल्या अवयवात राहते, हे बाहेरून दिसत नाही. यांची स्वच्छतेत राहत होती. घासून चकचकीत ठेवलेल्या वजूच्या तोटीच्या लोट्यात, जो ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"हे कुणाला विचारलेत का?" मी म्हटले.

"कोनाले इचारू? हे इचारायची गोष्ट हाय का?"

* * *

विचारायला मी गेले. हाफिजजी आमच्या मशिदीचे जुने इमाम. काही वर्षांपूर्वी गुडघे धरले म्हणून त्यांनी नमाज पढवणे तरुण इमामाकडे सोपवले आणि आता घरीच असतात. अशा बाबतीत बाईने त्यांच्यासमोर बसून बोलायचे नसते. त्यांच्या बेगमजवळ बसायचे, त्या आतल्या खोलीत निरोप नेतात. मी बेगमजवळ बसले. मधे फुलाफुलांचा पडदा होता, आणि पलीकडून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता.

आयुष्यभर शब्द शिकवले, आणि त्या पडद्यापाशी मला एक शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "आजारामुळे ज्याचे पाणी थांबत नाही, त्याने काय करावे?"

बेगम निरोप न्यायला उठल्या, पण सुपारी आधीच थांबली होती. पडद्यामागूनच आवाज आला.

"बैठ जाओ, बेगम. ऐकलं मी. बेटी, ज्याची सबब हाय त्याले माजूर म्हन्तात. त्यानं दर नमाजच्या वख्ताले नवी वजू करायची. मंग नमाज पढता पढता गळलं तरी त्याची नमाज होते. पूरी होते."

"आणि अंगावर शाई असेल तर? वैद्यकाची खूण?"

"थर नाई ना तिचा? नुसता रंग चमडीत मुरला असन तर पानी पोचते. आंघोळ होते. अन् जीव वाचवासाठी जे करा लागते ते करून घेनं हे पहिलं फर्ज हाय. यूसुफले इतकं कसं समजत नाई?"

"त्यांना वाटते, पहिल्या ओळीत उभे राहता येणार नाही."

"काऊन नाई? ओयीत कुठंबी उभा राहो. फक्त पुढं उभं राहून दुसऱ्याची नमाज नाई पढवता येत माजूरले."

बेगमने माझ्याकडे पाहिले नाही. त्या दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहत होत्या. मला वाटले, बोलणे संपले. मी उठणार, तोच हाफिजजी म्हणाले,

"लोकायले मी गुडघे सांगतले, बेटी. गुडघे माहे चांगले हायेत."

एवढेच. पलीकडे अडकित्ता पुन्हा चालू झाला.

मी घरी आले, पण त्यांचे ते वाक्य माझ्या मालकीचे नव्हते, म्हणून यूसुफना सांगितले नाही. सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हाफिजजी स्वतः दुकानात आले. काखेत एक उशी. "गठ्ठे झाले हिच्यात," ते मोठ्याने म्हणाले. "पिंजून दे. मी बसतो इथंच." एवढ्याशा उशीसाठी यंत्र बराच वेळ चालले. त्याच्या घरघरीत दोन म्हाताऱ्यांचे बोलणे रस्त्यावरच्या माणसाला ऐकू गेले नाही, आणि दाराआड उभ्या असलेल्या मलाही नाही. मला फक्त दिसले: यूसुफ मान खाली घालून ऐकत आहेत, मग मान वर करून हाफिजजींकडे पाहत आहेत, खूप वेळ, नव्यानेच ओळख झाल्यासारखे.

हाफिजजी गेले. यूसुफ आत आले. दाढीत रुईचे तंतू अडकले होते.

"अकोल्याले कवा जायचं?" त्यांनी विचारले.

* * *

या वेळी त्यांनी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की बाहेरचे रोगी कुरकुरू लागले. किती गळते, कधी थांबते, किरणांनी आतडे दुखते का, इंजेक्शनांनी काय होते. भय बाजूला झाल्यावर निवड साधी झाली. आयुष्य कापसाच्या धुळीत गेल्याने यांची छाती तितकीशी बरी नाही; भूल देण्यात थोडा धोका होता. "मग किरणंच," ते म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. शबाना आठवडाभर रुसली, मग स्वतःच उपचारांपुरत्या घेतलेल्या अकोल्याच्या खोलीसाठी चादरी घेऊन आली.

पुढचे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. उपचार पार पडले. सोपे गेले नाहीत. जळजळ झाली, थकवा तर असा की हातातला चहा निवून जाई. इंजेक्शनांनी त्यांच्या अंगातून कढत लाटा जात आणि ते भर थंडीत सदरा काढून बसत. क्षुल्लक गोष्टीवर डोळे भरून येत आणि मग त्याचाच राग येई. आमच्यातले जे होते ते बदलले. ते पूर्वीसारखे परतलेले नाही. त्याच्या जागी दुसरे काही आले आहे, ज्यात बोलणे अधिक आहे. मी त्याला तोटा म्हणत नाही. नफाही म्हणत नाही. पुढच्या तपासण्या आतापर्यंत चांगल्या आल्या आहेत.

पण मला सांगायचे आहे ते पहिल्या दिवसाचे, ज्या दिवशी यंत्राखाली झोपवून मापे घेतात.

मूत्राशय भरलेले लागते. म्हणून रोग्यांना पाणी पाजून बसवून ठेवतात. ज्यांना धरवत नाही, नेमके त्यांनाच धरायला सांगायचे, अशी ती तऱ्हा. बाकावर ओळीने पुरुष बसले होते, प्रत्येकाच्या हाती पाण्याची बाटली, प्रत्येकाची नजर जमिनीवर. आयुष्यात कधी न बोललेला विषय त्यांना एका बाकावर घेऊन आला होता. शेवटी धाडकडचा एक फेटेवाला शेतकरी, आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, बोललाच.

"काय हो गादीवाले, गादी बिदी आनली का सोबत? ह्या बाकानं तर आत्ताच सोडाची पाळी आली."

"धरा धरा," यूसुफ म्हणाले. "तुमचा लंबर माह्या आंधी हाय. तुमी सोडलं तर तुमचं पुन्हा भरेपर्यंत मले धरून बसा लागन."

अख्खा बाक हसला, आणि हसणे थांबवण्यासाठी अख्ख्या बाकाने पोट धरले. एक म्हातारा तर कळवळून म्हणाला, "हासवू नका बे, हासवू नका!" बायका आम्ही समोरच्या भिंतीशी होतो. आम्हीही तोंडावर हात धरले. त्या आठवड्यांतली ती पहिली मोकळी हवा.

मग त्यांचे नाव पुकारले गेले. जड दार लागले. मी दाराशी उभी राहिले. आत आता शाई उघडली असेल, मी मनात म्हणत होते. आता थंड बोटे कमरेवर टेकली असतील. दुकानातल्या घरघरीत त्यांनी काय स्वीकारले होते ते मला ठाऊक नव्हते. ऐकून पटणे वेगळे, आणि स्वतःच्या कातडीवर ती रेघ पाहणे वेगळे. माणूस ऐन वेळी उठून आला तर? मागच्या दाराने निघून गेला तर?

दार उघडले. ते बाहेर आले, एका हाताने सदरा सावरत, आधी मोरीकडे घाईने गेले आणि हुश्श करत परतले. मग माझ्याजवळ, इतर कुणाला दिसणार नाही असे वळून, त्यांनी सदऱ्याची एक बाजू बोटभर वर केली. कमरेच्या पिवळसर, सुरकुतलेल्या कातडीवर जांभळ्या शाईची फुली होती, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा. अजून ओलसर होती. शाईला किंचित स्पिरिटचा वास येत होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला धजले नाही. फुलीकडेच पाहत राहिले. तेव्हा त्यांनीच माझी हनुवटी वर केली, चारचौघांत, जे त्यांनी उभ्या संसारात कधी केले नव्हते, आणि लग्नातल्या नवरीने मैत्रिणीला हात दाखवावा तसे हसून म्हणाले,

"मेंदी."